धसक्याचा पंचनामा कोण करणार?

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी मला बजावले होते, "गुरुजी, सणाचा अंक आहे. घरातली लहानथोर सगळी माणसे तो वाचतात. जरा प्रसन्न काहीतरी लिहा." मीही मोठ्या उत्साहाने हो म्हटले होते. वर्ध्याकडच्या एका शाळामास्तराने दिवाळीत लिहायचे ते काय, तर कापसाच्या पहिल्या वेच्याबद्दल, सारवलेल्या अंगणाबद्दल, फार तर एखाद्या विसराळू हेडमास्तरांच्या फजितीबद्दल. पण लिहायला बसलो आणि बाहेर कुणीतरी सुतळी बाँब उडवला. त्या आवाजासरशी माझ्या हातातील लेखणी थांबली, आणि डोळ्यांपुढे २०२३ च्या दिवाळीतला पाडवा उभा राहिला. वाचकहो, तुमच्या फराळाच्या ताटाशी मी एक कडू घास आणून ठेवीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु हा घास तुमच्याआधी मी स्वतः गिळला आहे, एवढे ध्यानात असू द्या.

त्या पाडव्याच्या सकाळी हिंगणघाट तालुक्यातील वणेकाठच्या एका गावची बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आली. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा. एके काळी माझाच विद्यार्थी. बायकोने दोघांच्या पुढे चिवडा-लाडू ठेवले. तेवढ्यात गल्लीत एक फटाका वाजला. पोराच्या हातातली बशी खाली पडली, आणि क्षणार्धात तो आमच्या कोठीच्या खोलीच्या दाराआड जाऊन, दोन्ही हातांनी दाराची कडी घट्ट धरून उभा राहिला. माझ्या धाकट्या मुलीला हसू आले. त्याची आई मात्र हसली नाही. खाली सांडलेला चिवडा गोळा करीत ती म्हणाली, "गुर्जी, मनावर घेऊ नका जी. पूर गेला, पन याच्या डोक्यातलं पानी काही गेलं नाही."

पुढे तिने जे सांगितले ते तिच्याच भाषेत सांगायला हवे. "रातभर पोट्टं जागीच राह्यते. पान्याचा आवाज आला का उठून बसते, आमाले हलवून जागं करते, चला म्हन्ते. भगताकडं नेलं, गंडा बांधला, नारळ उतरवलं. त्याचा बाप म्हन्ते, सोंग करून राह्यलं. आता काय करावं जी?"

काय करावे हे मला ठाऊक नव्हते. मात्र काय करू नये, ते मी एक वर्षापूर्वीच करून चुकलो होतो.

ती हकीकत अशी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका खाजगी शाळेत मी मानधनावर हस्तकला शिकवतो, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. २०२२ च्या जुलै महिन्यात आमच्या जिल्ह्यात पावसाने कहर केला. वर्धा, वणा, यशोदा या नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या. पाणी ओसरले, शाळा पुन्हा भरू लागली. सप्टेंबरातल्या एका दुपारी मी आठवीच्या वर्गाला सुतळीचे शिंके विणायला शिकवीत होतो. वर्ग टिनाच्या छपराचा. पावसाची सर आली, आणि टिनावर असा ताशा सुरू झाला की माझेच बोलणे मला ऐकू येईना. हा मुलगा हातातली सुतळी टाकून उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. "बस खाली," मी म्हणालो. त्याने ऐकले नाही. म्हणजे त्याला ऐकूच आले नाही, हे मला आज कळते. त्यापूर्वीही दोन-तीनदा त्याने सुतळीला हात लावण्याचे नाकारले होते. माझा पारा चढला. मी त्याचा कान धरला आणि त्याला बाहेरच्या पडवीत, पावसाच्या तोंडी, तास संपेपर्यंत उभे केले. तास संपला तेव्हा त्याची चड्डी ओली होती. मला वाटले, पावसाचे शिंतोडे. मुलांना खरे कळले होते. ती फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक किंवा मानसिक शिक्षा करण्यास मनाई आहे, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण शिस्तीच्या नावाखाली आपण मास्तर लोक काय काय खपवतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

पाडव्याच्या दिवशी त्याच्या आईकडून मला उरलेले कळले. पुराच्या रात्री पाणी घरात शिरले तेव्हा बापाने त्याला हाक मारून सांगितले होते, "गोऱ्ह्याचं दावं सोड!" पोरगा गोठ्यात गेला. दाव्याची गाठ पाण्याने फुगून आवळली होती, ती सुटेना. इतक्यात शेजारची मातीची भिंत धाडकन कोसळली, आणि तो गाठ तशीच टाकून पळाला. गोऱ्हा बांधल्या जागी बुडाला. आणि मी त्याला सुतळीच्या गाठी मारायला शिकवीत होतो! टिनावर पाऊस वाजत असताना!

आता खरा मुद्दा. पूर ओसरल्यावर त्या घराचा पंचनामा झाला. तलाठी आले, ग्रामसेवक आले, कृषी सहायक आले. पडलेली भिंत लिहिली गेली, भिजलेले धान्य लिहिले गेले, वाहून गेलेले शेत लिहिले गेले. मेलेला गोऱ्हासुद्धा लिहिला गेला. त्या सगळ्या कागदात, त्या गोऱ्ह्याचे दावे हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराबद्दल एक अक्षर नाही. मेल्या वासराला आपल्या राज्यकारभारात रकाना आहे. जित्या पोराच्या मोडलेल्या झोपेला रकाना नाही. मी कुणा तलाठ्याला दोष देत नाही. तो बिचारा छापील नमुना भरतो. दोष नमुना आखणाऱ्यांचा आहे, आणि तो नमुना पुरेसा आहे असे मानणाऱ्या तुमचा-माझा आहे.

पंचनाम्याच्या या शास्त्रात एक आकडा प्रसिद्ध आहे. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर शेतकरी मदतीस पात्र होतो. आता दुसरा एक आकडा ऐका. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या, किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. त्यानंतर वर्षभराने डॉक्टरांनी तेथील ४४७ मुलामुलींची तपासणी केली. त्यांतील ३०.६ टक्के मुलांत आघातानंतरच्या ताणविकृतीची पूर्ण लक्षणे आढळली, आणि आणखी १३.६ टक्क्यांत ती अर्धवट स्वरूपात होती. वादळ जाऊन वर्ष उलटले होते, बरे का! दहांतील तीन पिके गेली तर आपण हळहळतो. दहांतील तीन मुले रात्री झोपत नाहीत, हे मात्र आपल्या गावीही नसते.

या दुर्लक्षाचे समर्थन एका वाक्याने केले जाते. ते वाक्य तुम्ही ऐकले आहे, बोललाही असाल; मी तर हजारदा बोललो आहे. "पोरं काय, चार दिवसांत विसरतात!" माझा सगळा झगडा या वाक्याशी आहे. आपल्या भाषेतल्या अत्यंत सोयीच्या असत्यांपैकी हे एक आहे. सोयीचे अशासाठी की, ते उच्चारले की मोठ्यांवर काही करण्याची जबाबदारी उरत नाही.

पोरे विसरतात काय? मी स्वतः विसरलो नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला महापूर आला आणि नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव त्यात उद्ध्वस्त झाले. दोनशेच्या वर माणसे गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमचे गाव त्याच नदीच्या काठी, पण खालच्या अंगाला. आमच्या घराला पाणी लागले नाही, आमचे कुणी गेले नाही. मी फक्त काठावर उभा राहून पाहिले. लाकडे, पत्रे, गुरे वाहत येत होती. आणि एक पाळणा आला. तो रिकामा होता की नव्हता, हे काठावरच्या कुणालाच सांगता येईना. त्यानंतर कित्येक वर्षे मी नदीवर गेलो नाही. पुलावरून एस. टी. जाऊ लागली की डोळे मिटून घेत असे. वडील चारचौघांत म्हणत, "आमचं पोट्टं भित्रं निघालं," आणि मीही तसेच समजत आलो. जो स्वतः तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा पाळणा विसरू शकला नाही, त्या मास्तराने दोन महिन्यांपूर्वीचा पूर विसरला नाही म्हणून एका पोराचा कान पिळावा, यापरता करंटेपणा तो कोणता?

माझी एकट्याची साक्ष पुरेशी वाटत नसेल तर विलायतेतील ऐका. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन या खेड्यात, कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मालाचा पाण्याने भिजलेला डोंगर घसरून खालच्या शाळेवर आला. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गाडली जाऊन मेली. तो डोंगर माणसांनी रचलेला होता, म्हणून ती निव्वळ निसर्गाची करणी नव्हे. पण मुलांच्या मनाला हा भेद कळत नाही. त्या शाळेतून वाचलेल्या ४१ जणांची, ती मुले चाळिशीच्या घरात आल्यावर, म्हणजे ३३ वर्षांनी, तपासणी झाली. त्यांपैकी १२ जणांत तेव्हाही ती विकृती शिल्लक होती. तेहतीस वर्षे! "चार दिवसांत विसरतात" म्हणणाऱ्यांनी चार दिवस कसे मोजले, ते एकदा सांगावे.

आणि आपल्या घरचे किल्लारी कोण विसरले आहे? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसे झोपली होती, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावे दगडामातीच्या भिंतींखाली गेली. आठ ते दहा हजार माणसे गेल्याचे सांगितले जाते. पुढे जागतिक बँकेचे कर्ज आले, उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसली, सरळ रस्ते आणि चौकोनी घरे उभी राहिली. हे काम मोठे होते. त्याला नावे ठेवणारा मी नव्हे. पण त्याच काळात डॉक्टरांनी तेथून वाचलेल्या काही माणसांना तपासले, तेव्हा अर्ध्याहून अधिकांत मनोविकार सापडले. तो निबंध १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. घर भूकंपाला टिकेल असे कसे बांधावे, हे आपण किल्लारीपासून शिकलो. पोराचे मन कसे सावरावे, हे शिकलो काय? शिकलो असतो तर २०२२ साली माझ्यासारख्याच्या हाती वर्ग देण्यापूर्वी कुणीतरी मला दोन गोष्टी सांगितल्या असत्या.

कुणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. नाव पाश्चात्त्य आहे खरे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने खचलेल्या शिपायांच्या आजाराला इंग्रजांनी एक नाव दिले. १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या रोगांच्या यादीत पी. टी. एस. डी. या नावाने त्याची नोंद केली. पण रोग काही त्यांनी आगबोटीतून आणला नाही. आपल्या आजीला तो ठाऊक होता. "पोराने धसका घेतला," "त्याने हाय खाल्ली," हे शब्द काय इंग्रजीतून आले? दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, ही म्हण ज्याने रचली त्याने या रोगाचे अर्धे लक्षण सांगून ठेवले आहे. फरक इतकाच की, आजीला धसका दिसत होता. आपल्याला दाखलेही दिसत नाहीत, फक्त गुणपत्रिका दिसते.

डॉक्टर जी लक्षणे सांगतात ती साध्या मराठीत अशी. गेलेला प्रसंग पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो. स्वप्नात येतो, जागेपणीही येतो, आणि तो आठवतो असे नव्हे, तर पुन्हा घडू लागतो. त्याची आठवण देणारी वस्तू, जागा, आवाज मुलगा टाळू लागतो. कुणी नदी टाळतो, कुणी सुतळी. मन बधिर होते, आवडीचे खेळ आवडेनासे होतात, "माझ्यामुळेच झाले" हा विचार पोखरीत राहतो. आणि शरीर सदैव पहाऱ्यावर असते: झोप नाही, लक्ष नाही, लहानशा आवाजाने दचकणे, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून जाणे. प्रसंगानंतरचे पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही हे हटत नसेल, आणि त्यापायी शाळा, घर, मैत्री मोडू लागली असेल, तर तो रोग समजावा. तेरा ते अठरा या वयात तर याची ओळख आणखी अवघड. लहान मूल रडते, आईला चिकटते. त्याची कणव येते. हा वाढता पोरगा मात्र उलट उत्तरे देतो, घराबाहेर राहतो, तंबाखू-खर्रा धरतो, पुढच्या वर्षाचे विचारले तर "पाहू, राहिलो तर" म्हणतो. मुलगी असेल तर मुकाट होते, आणि मुकाट मुलीला आपल्याकडे गुणी म्हणतात! म्हणजे मुलगा वाया गेला म्हणून मार खातो आणि मुलगी शहाणी म्हणून दुर्लक्षित राहते. औषध दोघांनाही मिळत नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. "आमच्या वेळी कुठे होते मानसोपचार? आम्ही नाही जगलो?" काका, तुम्ही जगलात, आनंद आहे. परंतु हे विचारायला जे उरले नाहीत, त्यांची साक्ष कोण देणार? पावसाळा लागला की पिऊन पडणारा गावातला तो एक माणूस, माहेरच्या नदीचे नाव काढताच खोली सोडून जाणारी ती एक आत्या, यांना आपण आयुष्यभर "स्वभाव" म्हणून सोडून दिले. देवीच्या साथीतूनही माणसे जगत होतीच. म्हणून काय लस टोचणे हे खूळ ठरले?

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तो मी आदराने घेतो. "मग काय पूरग्रस्त गावातले प्रत्येक पोर वेडे ठरवायचे?" मुळीच नाही. ओडिशातील तेच आकडे उलटे वाचा: अर्ध्याहून अधिक मुले वर्षभरात सावरलेली होती. बहुतेक मुले आई-बाप, शाळा, सवंगडी यांच्या आधाराने आपोआप उभी राहतात. मुलांचे मन काचेचे नाही. माझे म्हणणे एवढेच की, जी सावरत नाहीत ती कोणती, हे कुणीतरी शोधायला हवे. शंभरांत सत्तर पोहून निघाले म्हणून उरलेल्या तिसांना दोर टाकायचा नाही, हा कुठला न्याय?

आमच्या जिल्ह्यात तर या तिसांचे दुखणे दुहेरी आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा एक होता. इथे पूर एका रात्रीत ओसरतो, पण कर्ज ओसरत नाही. बाप ओसरीवर मुका बसून असतो, आणि पोरगा रात्री उठून बाप जागेवर आहे ना, हे चाचपून पाहतो. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, ते हेच. आणि भूकंप निदान एकदा होऊन जातो. पाऊस दर साल येतो. पुरातून वाचलेल्या मुलाला रोहिणीपासून हस्तापर्यंत चार महिने रोज नवा दाखला मिळत असतो.

आता आपण करतो काय ते पाहा. एक तर काहीच करीत नाही. नाहीतर नको ते करतो. आपत्ती आली की मोटारी भरून माणसे येतात. बिस्किटे वाटतात, फोटो काढतात, आणि पोरासमोर छायायंत्र धरून विचारतात, "बाळ, सांग, त्या रात्री काय झालं?" तो सांगतो. दुसरी मोटार येते; पुन्हा सांगतो. पाचव्या खेपेला तो कथा सांगू लागतो आणि आतून पुरता बंद होतो. धक्का बसलेल्या माणसाला घडलेले लगेच, एका बैठकीत, खोदून खोदून सांगायला लावल्याने लाभ होत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही तसे न करण्याचा सल्ला दिला आहे. सांगावेसे वाटले तर ऐकणारा असावा. सांगावेच अशी सक्ती नसावी. आम्हा कादंबरीकारांची जातही या मोटारवाल्यांपेक्षा फारशी वेगळी नाही. त्या मुलाची हकीकत कळली त्या रात्री माझ्या मनात आलेला पहिला विचार दयेचा नव्हता, "काय प्रकरण होईल हे कादंबरीत!" हा होता. ते प्रकरण मी लिहिले नाही. हा लेखही त्याला आणि त्याच्या आईला आधी वाचून दाखवला, आणि त्याने "हे नको" म्हटले ते दोन ठिकाणी गाळले.

मग करावे काय? उपाय अगदीच आकाशातले नाहीत. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात मोठा भूकंप झाला. त्यानंतर दीड वर्षाने तेथील काही शाळांतच मुलांवर थोड्या काळाचे, बोलण्याच्या मार्गाचे उपचार केले गेले. गटात आणि एकेकट्याने. पुढे तपासले तेव्हा उपचार मिळालेल्या मुलांची लक्षणे कमी झाली होती; ज्यांना मिळाले नाहीत त्यांची वाढली होती. म्हणजे "काळ हेच औषध" हेसुद्धा खरे नाही. नुसत्या काळाने जखम भरत नाही. कधी कधी चिघळते. दुसरी गोष्ट, उपचार शाळेत झाले. पोराला कुणी "वेड्यांच्या डॉक्टरकडे" नेले नाही. डॉक्टरच शाळेत आले.

आपल्याकडेही शाळेचे हे बळ एकदा दिसले आहे. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. वेळेवर जेवण, वेळेवर घंटा, शेजारी सारखेच भोगलेला सोबती. विस्कटलेल्या मुलाला यांचा आधार किती, ते मास्तरांना सांगायला नको. आणि आमच्या वर्ध्याने तर १९३७ च्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला. हात, हृदय आणि डोके यांचे शिक्षण एकत्र असावे, असा. त्या मातीत शाळेने फक्त डोक्याचे गुण मोजावे आणि हृदयाची धडधड "शिस्तभंग" म्हणून लिहावी, याची लाज आम्हाला वाटली पाहिजे.

माझ्या मागण्या चारच आहेत. पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ वाढवा: घरात दहा ते अठरा वर्षांची मुले किती, आणि ती झोपतात काय? हीच ओळ महिन्याने आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. आपत्ती आलेल्या प्रत्येक गावच्या शाळेतील निदान एका शिक्षकाला हा धसका ओळखण्याचे शिक्षण द्या. उपचार त्याने करू नयेत, पण कुठे धाडावे हे त्याला कळावे. त्या वर्षी त्या मुलांची हजेरी आणि गुण यांवरून त्यांना नापास, नालायक ठरवू नका. पाऊस वाजू लागला की दाराजवळ बसायची मुभा द्या. त्याने शाळा बुडत नाही. आणि चौथी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे: "मर्द हो, रडतोस काय," हे वाक्य यापुढे घरात उच्चारू नका.

सोय अजिबात नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही सेवा आहे. फोन केला तर मनाच्या दुखण्याबद्दल फुकट सल्ला मिळतो. १९६९ साली सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आमच्या दाराशी आहे, आणि तिथे मनोविकारांचा विभाग आहे. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्या आईला ही सोय हवी, तिला भगताचा पत्ता ठाऊक असतो, हा क्रमांक ठाऊक नसतो. भगताला मी हसत नाही. तो निदान पोराचे दुखणे खरे मानून त्याच्याजवळ बसला. मी मास्तर असून बसलो नाही.

त्या पाडव्यानंतर मी मामाच्या चहाच्या टपरीवर कपबशा विसळणाऱ्या त्या मुलाकडे गेलो. म्हणालो, "तुला पडवीत उभा केला, ती माझी चूक झाली." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "गुर्जी, तुमचा राग नाही जी. पन ते दावं मले सुटलं असतं, अजून थोडं थांबलो असतो तं." मी त्याला सांगितले नाही की, थांबला असता तर तोही बुडाला असता, हे त्याला सगळ्यांनी सांगून झाले होते. मी नुसता बसून राहिलो. पुढे त्याला डॉक्टरांकडे नेले. बाप आधी आला नाही. तिसऱ्या खेपेला आला आणि दाराबाहेर बसला. पोरगा आता बराच झोपतो. पावसाची मोठी सर आली की अजून उठून बसतो, पण सगळ्यांना जागे करीत नाही. शाळेत काही तो परत आला नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे म्हणतो. त्याची बुडालेली वर्षे मी कोणत्या पंचनाम्यात लिहावी?

वाचकहो, दिवे जरूर लावा, फराळ करा, पोरांना फटाकेही उडवू द्या. फक्त आवाज झाल्यावर एकदा भोवती पाहा. सगळी मुले हसत टाळ्या पिटत असताना एखादे पोर दाराआड जाऊन कडी धरून उभे राहिले असेल, तर त्याला हसू नका, ओढून बाहेर काढू नका, आणि देवाच्या दयेने "काय झालं?" असे शंभरदा विचारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. मला हे करायला एक वर्ष उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.